समाप्तीचा अधिकार : दूरदर्शनवरील 'रामायण' आणि कल्याणपुढचा प्रेक्षक

१

दूरदर्शनवरील 'रामायण' या मालिकेचा अखेरचा भाग ३१ जुलै १९८८ रोजी, रविवारी सकाळी प्रक्षेपित झाला. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेली ही मालिका रामाच्या राज्याभिषेकापाशी थांबली. निर्माते-दिग्दर्शक रामानंद सागर यांच्या दृष्टीने कथा तेथे पूर्ण झाली होती. प्रेक्षकांतील एका गटाला मात्र ती अर्धवट तोडली गेली असे वाटले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला आणि तो उत्तर भारतातील इतर शहरांत पसरला. मागणी वेतनाची नव्हती. उत्तरकांड पडद्यावर यावे, ही होती. अखेर मालिकेचा उत्तरभाग सरकारला मान्य करावा लागला, आणि 'उत्तर रामायण' या नावाने तो १९८८च्या उत्तरार्धापासून दाखवण्यात आला.

ही घटना आजवर मुख्यतः समाजशास्त्राच्या आणि राजकारणाच्या अभ्यासकांनी विचारात घेतली. पॉला रिचमन यांनी १९९१ साली संपादित केलेल्या अनेक रामायणांविषयीच्या ग्रंथाच्या आरंभीच तिचा निर्देश आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र तिची पुरेशी चिकित्सा झालेली दिसत नाही. वस्तुतः तिच्यातून उद्भवणारा प्रश्न शुद्ध साहित्यशास्त्रीय आहे : कथेची समाप्ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि ज्या कथेचा शेवट प्रत्येकाला ठाऊक आहे, तिच्या शेवटाविषयी प्रेक्षक उत्कंठा बाळगतो, भाकिते करतो, प्रसंगी भांडतो, तेव्हा तो नेमके कशासाठी भांडत असतो?

या प्रश्नाचा विचार प्रेक्षकाला एकसंध मानून करता येत नाही. म्हणून येथे एक विशिष्ट प्रदेश समोर ठेवला आहे. मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणहून कर्जतकडे वळल्यावर थोड्याच अंतरात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके लागतात. रामकथेच्या वेगवेगळ्या समाप्ती घरोघर वागवणारे समाज इतक्या जवळजवळ वसलेले आढळावेत, असा हा पट्टा आहे.

२

उल्हासनगर हे फाळणीतून जन्मलेले शहर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील विभाग आजही 'कॅम्प' या शब्दानेच ओळखले जातात. सिंधी हिंदूंच्या धर्मजीवनात झूलेलालची उपासना, गुरुग्रंथसाहेबाचे पठण आणि सूफी काव्याचा संस्कार यांना जे स्थान आहे, ते रामकथेला तितक्या प्रमाणात नाही. तरीही वनवास आणि परतणे या दोन कल्पनांना निर्वासिताच्या मनात स्वतंत्र अर्थ असतो. राम चौदा वर्षांनी अयोध्येला परतला. १९८७ साली सिंध सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसाला परतीची वाट नव्हती. अयोध्येतील पुनरागमनाचे दृश्य त्याला केवळ मंगल वाटले असेल, असे गृहीत धरता येत नाही. खुद्द रामानंद सागर हेही फाळणीने पंजाब-काश्मीरकडून मुंबईला आणून टाकलेले लेखक होते. 'और इन्सान मर गया' ही त्यांची उर्दू कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा विषय फाळणीचा नरसंहार हाच होता.

अंबरनाथची घडण वेगळी. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर हे त्याचे जुने वैभव. तर संरक्षण खात्याचे कारखाने, विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि नंतरची औद्योगिक वसाहत हे त्याचे विसाव्या शतकातील रूप. कारखान्यांमुळे उत्तर भारतीय, तेलुगू, तमिळ, पंजाबी आणि मराठी कामगार एका गावात आले. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'वर वाढलेला कामगार आणि कंबनाच्या रामायणाच्या परंपरेतला कामगार यांनी रविवारी सकाळी एकच मालिका पाहिली. या दोघांच्या शेजारी, आणि उल्हासनगरातही, आंबेडकरी चळवळीत घडलेली बौद्ध वस्ती होती. तिच्या वाचनात राम हा पूजेचा विषय नव्हता, चिकित्सेचा होता.

बदलापूर त्या वेळी बरेचसे गावच होते. उल्हास नदीचे खोरे, बारवी धरणाचा परिसर, आगरी आणि कुणबी गावे, ठाकूर आणि कातकरी वाड्या यांच्यामध्ये मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांची वस्ती तेव्हा वाढू लागली होती. कातकरी स्वतःचा वंश रामाच्या वानरसेनेशी जोडतात, अशी त्यांची परंपरा जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. ज्यांच्या परंपरेत सेनेचे वंशज आपणच आहोत, त्यांच्या दृष्टीने राज्याभिषेक हा शेवट पुरेसा कसा व्हावा? अभिषेकानंतर सेना कोठे गेली, हा प्रश्न त्यांच्या बाजूने उरतोच.

मालिकेचे चित्रीकरण ज्या उंबरगावात झाले ते आज गुजरातेत आहे. पण १९६०च्या राज्यविभाजनापूर्वी ते ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. म्हणजे ही अयोध्या आणि ही लंका ज्या भूमीवर उभी राहिली, ती या तीन गावांच्याच जुन्या जिल्ह्यातील होती.

३

अशा संमिश्र प्रेक्षकापुढे 'रामायण' संपू लागले, तेव्हा त्याच्या भाकितांचे स्वरूप काय असणार? अपरिचित कथेच्या बाबतीत प्रेक्षक 'पुढे काय घडेल' असे विचारतो. परिचित कथेच्या बाबतीत तो 'कोठे थांबतील', 'काय गाळतील' आणि 'कोणत्या ग्रंथाप्रमाणे दाखवतील' असे विचारतो. पहिल्या प्रकारचे कुतूहल उत्तर मिळताच शमते. दुसऱ्या प्रकारचे कुतूहल उत्तर मिळाल्यावर वादाचे रूप घेते, कारण प्रेक्षकाजवळ ताडून पाहण्यासाठी स्वतःची संहिता असते. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची कल्पना येथे उपयुक्त ठरते, पण एका दुरुस्तीसह : या पट्ट्यातील प्रेक्षकाचे अपेक्षाक्षितिज एक नव्हते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन क्षितिजे होती.

या क्षितिजांतील अंतर किती होते, हे ग्रंथांच्या समाप्ती शेजारी ठेवल्या की कळते. वाल्मीकीच्या संहितेत युद्धकांडाच्या अखेरीस राज्याभिषेक आणि फलश्रुती आहे, आणि त्यानंतर उत्तरकांड येते. ते मागाहून जोडले गेले असे अनेक पंडितांचे मत आहे. तुलसीदासांच्या 'मानसा'त उत्तरकांड आहे, पण त्यात सीतात्यागाची कथा नाही. रामराज्याचे वर्णन आणि काकभुशुंडी-गरुड संवाद यांत ग्रंथ विसावतो. कंबन राज्याभिषेकाशी थांबतो. मराठीतील एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत एकनाथांचे, आणि पुढचे त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केलेले, अशी परंपरा आहे. श्रीधरांच्या 'रामविजया'त (इ. स. १७०३) सीतात्याग आणि लवकुशाख्यान येते. मराठी घरांत पोथी लावून वाचला गेलेला ग्रंथ हा, त्यामुळे मराठी श्रोत्याची रामकथा लवकुशांवाचून पुरी होत नसे.

मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन यांच्यासह 'भावार्थ रामायणा'चाही आधारग्रंथ म्हणून उल्लेख होता. अनेक आधार सांगायचे आणि शेवट एकाच पद्धतीने करायचा, यात अंतर्विरोध होता. प्रेक्षकाने तो अचूक हेरला.

४

समाप्तीच्या प्रश्नाचे गांभीर्य संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम अशा कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या असून मुखापासून निर्वहणापर्यंतच्या पाच संधी त्यांच्याशी जुळतात. निर्वहणात, म्हणजे अखेरच्या संधीत, अद्भुत रसाची योजना करावी असे भरत सांगतो. पौराणिक मालिकेचे सारे अंगच अद्भुताचे असते : मायावी युद्धे, आकाशमार्ग, शाप, वर, दिव्यास्त्रे. त्यातही राज्याभिषेकाची समाप्ती भरताच्या या नियमाला धरून होती. नायकाला फळ मिळाले, देव प्रकट झाले, विस्मयात खेळ संपला.

परंतु आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात एक वेगळी आणि अधिक मूलगामी गोष्ट सांगितली. रामायणाचा अंगी रस करुण आहे, आणि तो तसा आहे कारण आदिकवीने आपला प्रबंध सीतेच्या आत्यंतिक वियोगापर्यंत नेला, हे त्याचे प्रतिपादन आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. समग्र कृतीचा रस तिच्या मध्यावर ठरत नाही. कृती कोठे संपते यावर तो ठरतो. राज्याभिषेकापाशी थांबलेले रामायण वीराचे आणि अद्भुताचे. भूमिप्रवेशापर्यंत गेलेले रामायण करुणाचे. घटना त्याच, पात्रे तीच; पण शेवट बदलला की मागच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ बदलतो. अशोकवनातील सीता पहिल्या रामायणात सुटकेची वाट पाहत असते. दुसऱ्या रामायणात तीच सीता पुढच्या दुसऱ्या वनवासाच्या छायेत बसलेली असते.

कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त प्रबंधवक्रतेचे जे प्रकार सांगितले, त्यांतील पहिले दोन येथे लागू पडतात. मूळ कथेतील रस बदलून दुसऱ्या रसात तिचा निर्वाह करणे हा एक. त्याचे उदाहरण म्हणून त्याने 'उत्तररामचरित' घेतले. नायकाच्या उत्कर्षाच्या टोकावर कथा आवरती घेऊन पुढचा नीरस वा अप्रिय भाग टाळणे हा दुसरा. सागर यांनी १९८८ साली जे केले ते या दुसऱ्या वक्रतेत बसते. त्यामुळे त्यांना केवळ भित्रेपणाचा दोष देणे शास्त्रशुद्ध होणार नाही. कवीला असा अधिकार आहेच. प्रश्न एवढाच की टाळलेला भाग कोणाला 'अप्रिय' वाटत होता, आणि कोणाला तोच भाग आपला वाटत होता.

५

या प्रश्नाचे सर्वांत जुने नाट्यरूप भवभूतीने दिले आहे. आठव्या शतकातील हा नाटककार स्वतःचे कुल दक्षिणापथातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो, वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर विदर्भात, आमगावजवळ दाखवले आहे. 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसलेला असतो. टाकून दिलेल्या सीतेचे दुःख रंगभूमीवर पाहताना राम हे नाटक आहे हे विसरतो आणि मूर्च्छित पडतो. तेव्हा लक्ष्मण कवीलाच हाक मारतो आणि त्याच्या काव्याचा अर्थ हाच का, असे त्याला विचारतो. त्यानंतर सीता खरोखर प्रकट होते, रामसीतेचे मीलन होते आणि वाल्मीकीच्या कथेचा शेवट बदलतो.

समाप्तीला हरकत घेणारा प्रेक्षक आणि त्या हरकतीनंतर बदललेली समाप्ती, या दोन्ही गोष्टी भवभूतीने एका दृश्यात आणल्या. जालंधरच्या संपाला संस्कृत रंगभूमीवरची ही पूर्वपीठिका आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. फरक असा की भवभूतीचा प्रेक्षक हा राजा होता आणि त्याला दुःख कमी करून हवे होते. १९८८चा प्रेक्षक शहराचा मैला उचलणारा होता आणि त्याला टाळलेले दुःख पडद्यावर हवे होते.

त्याला ते का हवे होते, याचे उत्तर कथेच्या रचनेतच आहे. उत्तर भारतातील सफाई कामगारांचा मोठा समाज स्वतःला वाल्मीकी म्हणवतो आणि आदिकवीला गुरुस्थानी मानतो. प्रचलित रामकथेत कवी वाल्मीकी हे पात्र म्हणून खऱ्या अर्थाने अवतरतात ते उत्तरकांडात : टाकलेल्या सीतेला आश्रय देणारे, लवकुशांना वाढवणारे, त्यांना काव्य शिकवणारे आणि राजसभेत राजासमोर त्याचीच कथा गाववून घेणारे. राज्याभिषेकापाशी थांबलेल्या मालिकेतून केवळ सीतेचे दुःख गळत नव्हते; कथेचा कर्ताच गळत होता. ज्या समाजाचा या महाकाव्याशी असलेला सन्मानाचा संबंध त्या कर्त्याच्या द्वारे होता, त्याच्यासाठी ही समाप्ती म्हणजे आपल्या नावावर मारलेली काट होती. संपाला भाविकांचा हट्ट समजणाऱ्यांच्या हे लक्षात आले नाही की ती मागणी कर्तृत्वाच्या श्रेयाची होती.

६

महाराष्ट्रात याच काळात उत्तरकांड दुसऱ्या वाटेने रस्त्यावर आले होते. महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' हे तोवर अप्रकाशित हस्तलिखित होते, आणि राम व कृष्ण यांच्याविषयीचे त्यातील परिशिष्ट वादाचे कारण ठरले. ते वगळण्याची मागणी झाली. ते वगळू नये यासाठी ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलित जनतेचा विराट मोर्चा निघाला. अखेर त्या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाच्या टिपेसह परिशिष्ट राहिले. रविवारी सकाळी मालिका चालू होती तेव्हाच आठवड्याच्या इतर दिवशी हा वाद चालू होता, ही कालसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्या परिशिष्टातील युक्तिवादाचा मोठा भाग सीतेला दिलेल्या वागणुकीवर आणि शंबूकाच्या वधावर उभा आहे. सीतेचा त्याग आणि शंबूकवध हे दोन्ही प्रसंग उत्तरकांडातले. उल्हासनगर-अंबरनाथमधील आंबेडकरी वाचकाला 'रामायणा'ची समाप्ती तपासायची होती ती या प्रसंगांच्या कसोटीवर. त्याच पट्ट्यातील मानसपाठी कामगाराला हे प्रसंग आपल्या ग्रंथातच नसल्याने त्यांची उणीव जाणवण्याचे कारण नव्हते. उत्तरेतील वाल्मीकी समाजाला उत्तरकांड हवे होते ते कवीच्या दर्शनासाठी. आंबेडकरी वाचकाला ते पुढे हवे होते ते रामाच्या न्यायाची उलटतपासणी करण्यासाठी. दोघांची श्रद्धा भिन्न आणि हेतू परस्परविरुद्ध; पण समाप्ती पुढे गेली पाहिजे, यावर दोघांचे मत नकळत एक होते.

रोमिला थापर यांनी १९८९ साली या मालिकेविषयी लिहिताना रामकथेच्या अनेक रूपांना पुसून एकच रूप राष्ट्रीय म्हणून रुजवले जाण्याचा धोका दाखवला. तो धोका खरा होता. परंतु समाप्तीच्या वादाने त्याची दुसरी बाजूही दाखवली. शासकीय माध्यमातून एकच संहिता घराघरांत गेल्यामुळेच तिच्यात आपली संहिता नाही हे लाखो लोकांना एकाच सकाळी कळले. एकरूपता लादण्याच्या प्रयत्नानेच भिन्नतेला आवाज मिळाला.

७

मराठी परंपरेला अशा वादाची सवय होती. घरोघरी जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्यांत सीतेचा दुसरा वनवास हा वारंवार येणारा विषय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी केलेल्या ओव्यांच्या विशाल संकलनात त्याची साक्ष मिळते. या ओव्यांतील सीता देवता म्हणून क्वचित येते. टाकलेली, गरोदर, एकटी बाई म्हणून ती येते. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे, आणि त्यागानंतर सीता तेथे राहिली अशी स्थानिक श्रद्धा आहे. ज्या समाजाच्या बायकांनी सीतेच्या दुसऱ्या वनवासावर पिढ्यान् पिढ्या दळण दळले, त्या समाजाला राज्याभिषेकावर पडदा पडलेला अपुरा वाटणे स्वाभाविक होते.

याहून नेमकी तुलना 'गीतरामायणा'ची. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले हे काव्य पुणे आकाशवाणीवरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या वर्षात दर आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. तेही एक धारावाहिकच होते. मूळ योजना बावन्न गीतांची. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. दूरदर्शनच्या मालिकेची मूळ योजनाही बावन्न भागांची होती. लोकप्रियतेमुळे मुदतवाढ मिळत ती अठ्ठ्याहत्तरांवर गेली. पण दोघांच्या समाप्तीत मूलभूत भेद आहे. माडगूळकर राज्याभिषेकापाशी थांबले नाहीत. त्यांनी गरोदर सीतेचे डोहाळे, वनात सोडलेल्या सीतेचा लक्ष्मणाला केलेला प्रश्न आणि सर्वांत शेवटी लवकुशांना गायनाला सिद्ध करणारा वाल्मीकी अशी गीते रचली. काव्याचा आरंभ रामासमोर गाणाऱ्या कुशलवांपासून होतो आणि अखेर त्याच गायनाच्या उंबरठ्यावर होते. सीतेचे दुःख त्यांनी टाळले नाही आणि कवीलाही कथेबाहेर ठेवले नाही. दूरदर्शनला संपानंतर जे करावे लागले, ते मराठी आकाशवाणीवर बत्तीस वर्षांपूर्वी कोणी न मागता झाले होते.

मालिकेला मराठी कलावंतांचाही मोठा हातभार होता. दशरथाच्या भूमिकेत बाळ धुरी, कौसल्येच्या भूमिकेत जयश्री गडकर, मंथरेच्या भूमिकेत ललिता पवार, भरताच्या भूमिकेत संजय जोग. 'उत्तर रामायणा'त कुश झाला स्वप्नील जोशी आणि लव झाला मयूरेश क्षेत्रमाडे. प्रेक्षकांनी मागून घेतलेल्या समाप्तीत राजासमोर त्याची कथा गाणारी ही दोन्ही मुले मराठी घरांतील होती.

मागणी मान्य झाली, तरी ती जशीच्या तशी मान्य झाली नाही. मूळ मालिकेत अग्निपरीक्षेचा प्रसंग दाखवताना सागर यांनी छायासीतेच्या कल्पनेचा आधार घेतला : रावणाने नेली ती सावली, खरी सीता अग्नीच्या स्वाधीन होती. 'उत्तर रामायणा'तही रामाचा दोष सौम्य करण्याकडे कल राहिला आणि वनात जाण्याच्या निर्णयात सीतेची स्वेच्छा पुढे आणली गेली. कथा प्रेक्षकांनी सांगितलेल्या ठिकाणापर्यंत गेली. पण त्या ठिकाणाचा अर्थ निर्मात्याने आपल्या हाती ठेवला. समाप्तीचा अधिकार अशा रीतीने दोघांत वाटला गेला.

८

शेवटावरून लेखकाशी भांडणारा वाचक जगात अन्यत्रही आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या रेट्यापुढे १९०३ साली त्याला परत आणले. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' या तिलिस्मी कादंबरीच्या लोकप्रियतेतून 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग निघाले. पुढे 'भूतनाथ' त्यांच्या निधनाने अपुरी राहिली आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी ती पूर्ण केली. एकनाथ आणि गावबा यांचीच ही दुसरी आवृत्ती. याच 'चंद्रकांते'वरची मालिका १९९४ पासून दूरदर्शनवर आली आणि मूळ कादंबरीपासून दूर गेली. अगदी अलीकडे, २०१९ साली, 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी अद्भुतमालिकेचे अखेरचे पर्व दाखवले गेले. मूळ कादंबरीमाला अपुरी असल्याने शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. जगभरच्या चाहत्यांनी महिनोन् महिने भाकिते केली, आणि तो पुन्हा लिहावा, असे मागणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

या उदाहरणांशी ठेवून पाहिल्यास 'रामायणा'चे वेगळेपण स्पष्ट होते. तेथील वाचकाला शेवट बदलून हवा होता; सिंहासन भलत्यालाच मिळाले, लाडके पात्र वाया गेले, ही त्याची तक्रार होती. येथील प्रेक्षकाला नवा शेवट नको होता. असलेला शेवट गाळू नये एवढेच त्याचे म्हणणे होते. तेथे भाकीत चुकल्याची निराशा आहे. येथे भाकीत चुकण्याचा प्रश्नच नाही. सीता भूमीत जाणार हे सर्वांना माहीत आहे. तेथे चाहता स्वतःला लेखकापेक्षा अधिक कुशल लेखक मानतो. येथे तो स्वतःला कथेचा वारस मानतो. फ्रँक करमोड यांनी १९६७ साली समाप्तीच्या जाणिवेविषयी लिहिताना शेवटामुळे मधल्या काळाला अर्थ येतो, असा विचार मांडला. आनंदवर्धनाचा विचार याच दिशेचा होता. १९८८च्या घटनेने त्यात भर घातली ती अशी : शेवटामुळे केवळ कथेतील काळाला अर्थ येतो असे नाही, कथा ऐकणाऱ्याला तिच्यात जागा आहे की नाही, हेही शेवट ठरवतो.

२८ मार्च २०२० पासून, महासाथीच्या टाळेबंदीत, 'रामायण' पुन्हा दाखवले गेले आणि त्याला लागूनच 'उत्तर रामायण'ही. पहिल्या वेळी संपाने मिळवलेला भाग आता मालिकेचा नैसर्गिक शेवट म्हणून आला. तो एके काळी मागून घ्यावा लागला होता, याची आठवण नव्या प्रेक्षकाला करून देणारे पडद्यावर काही नव्हते. उल्हासनगरच्या कॅम्पातील सिंधी आजोबांची नातवंडे, अंबरनाथच्या निवृत्त कामगारांची मुले आणि बदलापूरच्या नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबे यांच्यापुढे ती एक सलग कथा म्हणून गेली. प्रेक्षकाचे कर्तृत्व संहितेत असे मुरते की पुढे ते दिसेनासे होते; गावबाचे अध्याय आज एकनाथांच्या ग्रंथात असेच वाचले जातात.

समीक्षेने हे कर्तृत्व पुन्हा दृश्य केले पाहिजे. लोकप्रिय कथेच्या शेवटाविषयी चालणारी भाकिते, तक्रारी आणि मागण्या यांना भाबडेपणा समजून बाजूला सारण्याची सवय मराठी समीक्षेत रुळलेली आहे. १९८८चा अनुभव या सवयीच्या विरुद्ध साक्ष देतो. अंगी रस कोणता असावा, कथा कोठे थांबावी, कर्ता कथेत दिसावा की न दिसावा, हे प्रश्न त्या वर्षी सफाई कामगारांनी काम थांबवून विचारले. आनंदवर्धन आणि कुंतक यांनी हाताळलेलेच ते प्रश्न होते. शास्त्रकारांनी ते ग्रंथात सोडवले. या प्रेक्षकाला त्यांचे उत्तर स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून मिळवावे लागले.